ज्या क्रियापदांत मी नव्हते

"लिहून काढ, मोकळी होशील." अपघातानंतर हे मला इतक्या जणांनी आणि इतक्या मायेनं सांगितलं, की ते माझ्या बाबतीत लागू का पडत नाही हे बोलून दाखवणंही कृतघ्नपणाचं वाटायचं. मोकळं व्हायला आत काहीतरी दाटून आलेलं असावं लागतं, आणि ते दाटून आलंय हे जाणवायला आत कुणीतरी हजर असावं लागतं. मी हजर नव्हते. कागद होता, पेन होतं, हात लिहीत होता. पण लिहिणारी बाई खोलीच्या कोपऱ्यात उभी राहून त्या हाताकडे बघत असायची.

गाडी उलटली तेव्हा मी मागच्या सीटवर होते. दादा चालवत होता. तो त्याच रात्री गेला. पत्रा कापून मला बाहेर काढेपर्यंत मी बराच वेळ आत अडकून होते. एवढ्यात सगळं सांगून होतं. पोलिसांना जबाब देताना, विम्याच्या माणसाशी बोलताना, भेटायला येणाऱ्या प्रत्येकासमोर मी हीच वाक्यं याच क्रमानं म्हणायचे, न अडखळता. लोकांना वाटायचं, किती धीराची आहे. मला त्यात काही वाटत नव्हतं, आणि काही वाटत नाही याचंही काही वाटत नव्हतं.

ज्यांना हा अनुभव नाही त्यांच्यासाठी थोडं थांबून सांगते, कारण 'सुन्न झाले' एवढं म्हणून ते कळत नाही. मी भांडी घासत असायचे आणि पाण्याखालचे हात दुसऱ्या कुणाचे तरी वाटायचे. ते काम बरोबर करायचे, फक्त माझे नसायचे. माझा आवाज मला शेजारच्या खोलीतून आल्यासारखा ऐकू यायचा. रस्त्यावरची माणसं, झाडं, दुकानांच्या पाट्या सगळं स्वच्छ दिसायचं, पण खरं वाटायचं नाही. मधूनच वेळ गायब व्हायची. बसस्टॉपवर उभी असायचे आणि पुढचं आठवायचं ते एकदम घराचं कुलूप काढतानाचं. माझ्या थेरपिस्ट मॅडमनी या सगळ्याला नाव दिलं: डिसोसिएशन. स्वतःपासून तुटणं म्हणजे डीपर्सनलायझेशन, भोवतालचं जग खोटं वाटणं म्हणजे डीरियलायझेशन. नाव मिळाल्यावर मला पहिल्यांदा वाटलं की मला वेड लागत नाहीये.

मॅडम समजावून सांगत त्यात एक गोष्ट वारंवार येई: हे बिघडणं नाही, हा बचाव आहे. शरीर पळू शकत नाही, लढू शकत नाही, तेव्हा मन तिथून निघून जातं. दाराच्या पत्र्यात अडकलेल्या बाईनं दुसरं काय करायचं? अडचण एवढीच की एकदा निघून जायची वाट सापडली की मन पुढे साध्यासाध्या प्रसंगातही तीच वाट धरतं. फ्रान्समध्ये मानसशास्त्रज्ञ पिएर जाने यांनी 1889 मध्येच याविषयी लिहून ठेवलं होतं. जो अनुभव मनाला सामावून घेता येत नाही तो बाकीच्या आठवणींत मिसळत नाही, वेगळा पडतो, आणि मग चित्रांच्या, हालचालींच्या रूपानं परत परत येत राहतो, असं त्यांनी मांडलं. आठवणं ही एक कृती आहे, सांगण्याची कृती, असंही ते म्हणत. पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर मागे राहणारा ताणाचा विकार, हे निदान अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनच्या निदानांच्या पुस्तकात आलं 1980 मध्ये, आणि त्याचा डिसोसिएशनचा वेगळा उपप्रकार 2013 मध्ये. म्हणजे जे जाने पाहत होते ते नीट नोंदलं जायला शतकाहून जास्त काळ गेला. मला हे वाचून राग आला होता. तेव्हा राग आला हेही मी आनंदानं मॅडमना जाऊन सांगितलं होतं.

कविता आली ती अशा वळणावर. मी लहानपणापासून थोडंफार लिहायचे. शाळेतल्या मुली लिहितात तसंच, वहीच्या मागच्या पानांवर. मॅडमना ते माहीत होतं. मी त्यांच्यासमोर ती पाठ केलेली वाक्यं पुन्हा म्हणून दाखवली, तेव्हा त्या म्हणाल्या, "ही हकिकत राहू दे. मला गाडीतली एकच वस्तू सांग. फक्त वस्तू. तिचं पुढे काय झालं ते नको, तुझं काय झालं तेही नको."

मी म्हणाले, काच.

"मग काचेबद्दल लिही. वाक्य पूर्ण करायची गरज नाही."

घरी येऊन लिहिलं ते असं होतं:

काच.
काचेचे तुकडे.
तुकड्यांत आकाश.
आकाशात कुणी नाही.

याला कविता म्हणावं का, हा प्रश्न मला तेव्हाही पडला नाही आणि आता त्यात रस नाही. मात्र चौथी ओळ लिहून झाल्यावर माझ्या मानेवरून काहीतरी सरकलं, थंड असं. अपघातानंतर पहिल्यांदा एखादं वाक्य लिहिताना शरीरात काही झालं. तीच गोष्ट शंभरदा गद्यात सांगून झालं नव्हतं ते.

असं का व्हावं, याचा मी पुढे बराच विचार केला. गद्यात एक वाक्य दुसऱ्याला बांधलेलं असतं. 'म्हणून', 'त्यानंतर', 'तेवढ्यात' हे शब्द वाचणाऱ्याला हाताला धरून पुढे नेतात. माझ्या आठवणीत हे शब्दच नव्हते. तिथे होते ते तुकडे: काच, एक पिवळा दिवा, पेट्रोलचा वास, माझ्याच केसांची तोंडात गेलेली बट. गद्यात सांगायचं तर मला ते सगळं जोडून घ्यावं लागायचं, आणि ते जोडकाम करणारी कोपऱ्यातली बाई होती. ती हुशार होती, शांत होती, तिला काही लागलं नव्हतं. कवितेत जोडायची सक्ती नाही. एक ओळ संपते, पुढची भलतीकडून सुरू होते, आणि मधली कोरी जागा तशीच राहते. जे जसं होतं तसं ठेवता येतं.

मेंदूच्या अभ्यासातही याला थोडा आधार सापडतो. 1996 साली स्कॉट राउच आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पीटीएसडी असलेल्या माणसांना त्यांच्याच आघाताचं वर्णन ऐकवलं आणि त्या वेळी त्यांच्या मेंदूचं पेट स्कॅन (मेंदूत कुठे किती रक्त वाहतंय ते दाखवणारी तपासणी) केलं. भीतीशी, दृश्यांशी जोडलेले भाग पेटलेले दिसले आणि बोलण्याशी संबंधित ब्रोकाच्या भागाकडचा रक्तप्रवाह कमी झालेला दिसला. अभ्यास मोजक्याच लोकांवर केलेला होता, त्यामुळे त्यावर मोठा डोलारा उभा करू नये. पण तोंड उघडलं की फक्त जबाबातली वाक्यं बाहेर का येतात, हे विचारून स्वतःला बोचणाऱ्या मला त्यानं दिलासा दिला. शब्द त्या क्षणी जागेवर नव्हतेच. दृश्यं होती. आणि दृश्यापासून सुरुवात करायला कवितेची काही हरकत नसते.

काचेनंतर दिव्यावर लिहिलं, वासावर लिहिलं. वही भरत गेली. मॅडम कवितेवर साहित्यातलं काही बोलत नसत, आणि ते फार बरं होतं. पण एकदा त्यांनी वही वाचता वाचता विचारलं, "यात तू कुठे आहेस?"

मी म्हणाले, 'मी' तर प्रत्येक कवितेत आहे. खरंच होता तो शब्द. मी काच पाहिली. मी हात उचलला. मी दार ढकललं. मी डोळे मिटले.

त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. वही घरी आणली आणि रात्रभर त्या ओळी डोक्यात फिरत राहिल्या. सकाळी एकदम दिसलं. पाहिली ती काच. उचलला तो हात. ढकललं ते दार. शाळेत व्याकरणात शिकलेला कर्मणी प्रयोग. क्रियापद कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे चालतं, कर्त्याशी त्याचं देणंघेणं नसतं. 'मी'च्या जागी 'त्यानं', 'तिनं', 'कुणीतरी' घातलं तरी क्रियापद जागचं हलत नाही. मी बाई आहे, मी एक आहे, मी आहे, यातलं काहीही त्या क्रियापदांना ठाऊक नव्हतं. सगळी वही मी अशा क्रियापदांनी भरली होती आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

मग मी वहीच्या उजव्या पानावर दुसरी क्रियापदं लिहायला घेतली, जी माझ्याशी जुळवून घेतल्याशिवाय उभीच राहत नाहीत. मी अडकले. मी ओरडले नाही. मी थिजले. मी उरले.

प्रत्येक शब्द लिहिताना हात जड व्हायचा. 'अडकले' लिहिलं तेव्हा डाव्या मांडीत, जिथे पत्रा होता तिथे, कळ आली. जखम कधीच भरली होती. 'उरले' लिहून मी वही बंद केली आणि तोंड धुवायला गेले. 'घाबरले' लिहायला तर कित्येक महिने लागले. पोलिसांच्या जबाबातही तो शब्द नव्हता. त्यांनी विचारला नव्हता आणि मला तो सुचला नव्हता.

हे मी इतकं लांबवून सांगते आहे कारण 'भावना व्यक्त करा' या सल्ल्यात ही पायरीच नसते. भावना आत तयार आहे, फक्त झाकण काढायचंय, असं त्यात धरलेलं असतं. डिसोसिएशनमध्ये भावना आणि तिची मालकीण यांची ताटातूट झालेली असते. आधी मालकिणीला परत यावं लागतं. माझ्यासाठी ती एकेका क्रियापदाच्या शेवटी असलेल्या 'ले'मधून परत आली, थोडीथोडी.

आता जे सांगायचंय ते धोक्याचं आहे. जे कुणी या वाटेनं जात असतील त्यांनी हा भाग सावकाश वाचावा.

दादाची गाडी उलटी पडली होती तरी तिचा इंडिकेटर चालूच होता. टिक टिक, टिक टिक. माझ्या सगळ्या तुकड्यांत तेवढा एकच आवाज आहे, बाकी सगळं मुकं. साहजिकच मला त्यावर लिहायचं होतं. आणि ते लिहिताना शब्द आपोआप अष्टाक्षरीत पडायला लागले:

टिक टिक चालू राही
रस्ता पुढे जात नाही

लय छान जमली होती. ओळीमागून ओळ येत गेली, यमकं हाताशी उभी होती, लिहिताना काही दुखत नव्हतं. भानावर आले तेव्हा बाहेर अंधार पडला होता, बरीच पानं भरली होती आणि त्यातलं अर्ध्याहून अधिक मला वाचूनही आठवत नव्हतं. हात गार पडले होते. आई दाराशी उभी राहून हाका मारत होती, ती किती वेळ मारत होती कोण जाणे. नंतरचे दोन दिवस धुक्यात गेले.

एकसारखी, गुंगवणारी लय माणसाला वाहवून नेते. अंगाई त्याच जोरावर बाळाला झोपवते. ज्याचं मन आधीच निघून जायला टपलेलं आहे त्याला अशी लय दार उघडून देते. वाईट म्हणजे अशा वेळी लिहिलेलं बरेचदा 'सुंदर' असतं. त्या पानांतल्या ओळी कुणालाही आवडल्या असत्या. पण त्या लिहिताना मी त्यात नव्हते, म्हणून माझ्या कामाच्या त्या नव्हत्या.

मॅडमनी त्यानंतर लिहिण्याला बंधनं घातली. त्यातली काही मला आधी जाचली, पण आज त्यांच्याशिवाय मी आघातावर एक ओळ लिहीत नाही. लिहायचं ते दिवसाउजेडी, घरात कुणी असताना. पंधरा मिनिटांचा गजर लावून. तळवे जमिनीला टेकलेले. सुरू करण्याआधी पाच दिसणाऱ्या वस्तू, चार स्पर्श, तीन आवाज, दोन वास आणि एक चव यांची मोठ्यानं उजळणी. गजर झाला की अर्ध्या ओळीत थांबायचं. आणि शेवटी, त्याच पानावर, मी आत्ता ज्या खोलीत आहे त्या खोलीविषयी दोन ओळी लिहायच्या, तारखेसकट. ही शेवटची अट मला सगळ्यात मोलाची वाटते. कवितेत गेलेलं माणूस आपसूक परत येईल असं धरून चालायचं नाही, परतीचा रस्ता आखून ठेवायचा.

पंधरा मिनिटांमागेही एक इतिहास आहे. 1986 मध्ये मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनबेकर आणि सँड्रा बील यांनी विद्यार्थ्यांना रोज पंधरा मिनिटं, सलग चार दिवस, आपल्या आयुष्यातल्या अत्यंत त्रासदायक घटनेविषयी लिहायला लावलं. घटना आणि तिच्याविषयीच्या भावना दोन्ही ज्यांनी लिहिल्या, त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या पुढच्या काही महिन्यांत कमी झाल्या. 'लिहून काढ' या सल्ल्याचा उगम बऱ्याच अंशी इथे आहे. पण त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट कुणी सांगत नाही. लिहून उठल्यावर लगेच त्या विद्यार्थ्यांना अधिक वाईट वाटत होतं. शिवाय पेनबेकर स्वतःच सांगत आले आहेत की एखाद्या विषयावर लिहून तोल जाईल असं वाटलं तर त्यावर लिहू नका, दुसरं काही लिहा. माझ्यासारखीला हा सल्ला पहिल्या सल्ल्याइतकाच गरजेचा होता.

लय वाहवते म्हणून मी काही काळ फक्त मुक्तछंद लिहिला. तोही पुरेना. ओळ कुठे तोडायची हे ठरवायला कुणी उरत नसे, सगळं सांडत जायचं. मला काठ हवे होते, पण गुंगी नको होती. शेवटी हाताशी आला तो अभंग, मोठा, साडेतीन चरणांचा. सहा, सहा, सहा आणि चार अक्षरं, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक. चौथा चरण आखूड असल्यामुळे लय दर वेळी पूर्ण होता होता अडते. पाय पुढे टाकावा आणि पायरी अपेक्षेआधी यावी, तसं होतं. त्या अडण्यानं मी दर चार ओळींनी जागी होत होते.

आणि अक्षरं मोजावी लागतात. मी ती अंगठ्यानं बोटांच्या पेरांवर मोजते, जोर देऊन, पेराचं हाड जाणवेल इतका. एका बोटाची तीन पेरं, दोन बोटांत एक चरण. हात माझे वाटत नसण्याच्या काळात मी त्या हातांवरच कविता मोजत होते. मॅडमना हे दाखवलं तेव्हा त्या हसल्या आणि म्हणाल्या, याहून चांगलं ग्राउंडिंग, मनाला शरीरात, आत्ताच्या क्षणात टेकवणं, मी तुला शिकवू शकले नसते. त्या दिवसांत लिहिलेला तो इंडिकेटर असा आहे:

काचेच्या कडेला
दिवा एक लागे
कुणी नाही जागे
दिवा जागा

किती वेळ झाला
हात नाही हाले
कोणाचे हे झाले
हात येथे

यातही 'मी' नाही, हे मला दिसतं. पण ते आता मी ठरवून केलेलं आहे. मला त्या हाताकडे लांबून बघायचं होतं, तेवढ्यापुरतं, आणि मग परत यायचं होतं. या सगळ्या उद्योगातून मला जे मिळालं ते हेच. डिसोसिएशन अंतर निर्माण करतं, पण न विचारता. किती अंतर, किती वेळ, यात आपला शब्द चालत नाही. कवितेत ते अंतर माझ्या हातात येतं. 'ती' लिहून दोन पावलं मागे सरकता येतं, 'तू' लिहून समोर बसता येतं, 'मी' लिहून आत शिरता येतं. वर्तमानकाळ लिहिला की गाडी आत्ता उलटते, भूतकाळ लिहिला की ती उलटून गेलेली असते.

काळाचं हे मी एका इंग्रज कवीकडून शिकले. विल्फ्रेड ओवेन पहिल्या महायुद्धात आघातग्रस्त होऊन 1917 मध्ये एडिनबराजवळच्या क्रेगलॉकहार्ट इथल्या लष्करी रुग्णालयात दाखल झाला. त्याचे डॉक्टर आर्थर ब्रॉक यांचा भर रुग्णांना कामाला लावण्यावर होता. त्यांनी ओवेनला लिहितं ठेवलं, रुग्णालयाच्या मासिकाचं संपादनही त्याच्याकडे आलं. विषारी वायूच्या हल्ल्यावरची त्याची कविता त्याच मुक्कामातली. त्यात हल्ल्याची हकिकत भूतकाळात चाललेली आहे आणि मधेच दोन ओळी सुट्या काढून वर्तमानकाळात ठेवल्या आहेत: तो गुदमरणारा सैनिक आपल्या स्वप्नांत अजून येतो, त्याविषयीच्या. आघाताचं सगळं यंत्र त्या एका बदलात दिसतं. जे घडलं ते संपलंय, स्वप्न संपलेलं नाही. ते वाचल्यावर मी माझ्या वहीतल्या कविता काढून कुठे वर्तमानकाळ आपोआप घुसलाय आणि कुठे मी तो मुद्दाम आणलाय, हे पेन्सिलीनं खुणावत बसले. ओवेन पुढे आघाडीवर परत गेला आणि 4 नोव्हेंबर 1918 ला, युद्ध थांबायला आठवडाभर असताना, मारला गेला. हे लक्षात असलेलं बरं. कवितेनं त्याला शब्द दिले, पण गोळीपासून वाचवणं तिच्या हातात नव्हतं. माझीही गोळ्या-औषधं चालू होती, दर आठवड्याला मॅडमकडे जाणं चालू होतं. कविता त्या सगळ्याच्या आत बसलेली होती. नुसत्या वहीवर मी आज इथे नसते.

मॅडमसमोर कविता वाचून दाखवणं हा वेगळाच भाग. कागदावर जे सहज उतरलेलं असायचं ते मोठ्यानं म्हणताना घशात यायचं. पहिल्यांदा माझा आवाज शेजारच्या खोलीत गेला. त्या शांतपणे म्हणाल्या, थांब, तळवे जमिनीला टेकव, आणि शेवटचा शब्द पुन्हा म्हण, फक्त तो शब्द. असं एकेका शब्दानं आम्ही ती कविता संपवली. पुढे पुढे मला कळायला लागलं की कुठली ओळ मी आवाजात हजर राहून म्हणू शकते आणि कुठली नाही. जी म्हणता येत नाही ती ओळ बाजूला ठेवायची, खोडायची नाही.

मग आईला वाचून दाखवल्या. तिनं ऐकायचा हट्टच धरला होता. मला भीती वाटत होती की तिचं दुःख वेगळं, तिचा मुलगा गेलाय, तिला माझ्या काचा कशाला. तिनं डोळे मिटून सगळ्या ऐकल्या. मग म्हणाली, "अगं, यात तो बोलत कसा नाही? काहीच म्हणाला नाही का तो?"

मला माहीत नाही, हे खरं उत्तर होतं. दादा काही वेळ जिवंत होता, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. माझ्याजवळ त्या वेळातला इंडिकेटर आहे, त्याचा आवाज नाही. तो बोलला असेल. त्यानं मला हाक मारली असेल आणि मी तेव्हा तिथे नसेन.

आईच्या प्रश्नानंतर मी एक कविता लिहिली. तिच्यात दादा बोलत होता. एकच ओळ होती, आणि ती इतकी त्याच्यासारखी होती की लिहून झाल्यावर मला खात्रीच वाटायला लागली की तो असंच म्हणाला होता. त्याचा आवाजही ऐकू येऊ लागला. आईला ती ओळ दिली असती तर तिनं ती आयुष्यभर उराशी धरली असती.

मी ती काढून टाकली. मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी 1974 मध्ये केलेला एक प्रयोग मला माहीत होता, आणि तो नेमका गाड्यांच्या टकरीचाच आहे. लोकांना टकरीची फिल्म दाखवली आणि मग गाड्यांचा वेग विचारला. प्रश्नात काहींसाठी 'धडकल्या' अशा अर्थाचं साधं क्रियापद होतं, काहींसाठी 'एकमेकींवर आदळून चक्काचूर झाल्या' असं जोरकस. आठवड्यानं त्यांना विचारलं, फुटलेली काच दिसली होती का? जोरकस क्रियापद ऐकलेल्या 50 जणांपैकी 16 जण हो म्हणाले, साधं ऐकलेल्या 50 पैकी 7. फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती. एका क्रियापदानं माणसाच्या डोक्यात काचा फुटतात, तर कवितेची एक नेमकी ओळ काय करेल? माझ्या आठवणीत जी पोकळी आहे तीही माझी आहे. ती गोड शब्दांनी बुजवली असती तर पुढे मला कधीच कळलं नसतं की माझं काय आणि कवितेचं काय.

म्हणून त्या कवितेत आता एक चरण कोरा आहे, सहा अक्षरांचा. वाचताना मी तिथे थांबते आणि सहा पेरं मोजते. आईला मी हे कारणासकट सांगितलं. ती रडली, मग म्हणाली, "बरं केलंस. खोटं नको." दोघी मिळून रडलो तेव्हा मी तिथे होते. हे वाक्य लिहितानाही मी इथे आहे, तपासून पाहिलं.

तुटलेपण पूर्ण गेलेलं नाही. थकवा आला, झोप झाली नाही, रस्त्यात एखाद्या थांबलेल्या गाडीचा इंडिकेटर दिसला, की हात अजून लांब जातात. फरक हा की जाताना मला कळतं, आणि परत यायला पेरं आहेत. मॅडमकडे जाणं आता महिन्यातून एकदा. अपघातावरच्या कविता मी सध्या लिहीत नाही. लिहायचं ठरवलं तर लिहिता येईल, एवढं पुरे आहे.

सध्या मी दादाबद्दल लिहिते आहे, अपघाताच्या आधीच्या दादाबद्दल. तो सायकल शिकवताना किती ओरडायचा, माझ्या वहीच्या मागची पानं चोरून वाचून कसा दिवसभर त्यातल्या ओळी म्हणत फिरायचा, कर्ज फेडून ती गाडी घेतली तेव्हा पहिल्या फेरीला कुणाला बसवायचं यावरून घरात किती भांडणं झाली. यासाठी कविता अपुरी पडते आहे. यात 'म्हणून' आहे, 'त्यानंतर' आहे, 'तेवढ्यात' आहे, आणि ते शब्द आता मला जोडून घ्यावे लागत नाहीत. तेव्हा हे गद्यात चाललंय.